नाव घेऊन प्रार्थना

२ जून, रविवार
आजपासून चर्चच्या उपासनेत राज्यकर्त्यांसाठीची प्रार्थना माझ्याकडे! पाळकसाहेब म्हणाले, दोन मिनिटांत आटपा. दोन मिनिटांत देशाचं काय होणार, कप्पाळ? मी चांगली ऐसपैस केली. नेत्यांचं आयुष्य, नेत्यांचा दुखरा गुडघा, सगळं मागून घेतलं. शेवटच्या बाकावर एक नवा माणूस होता, राखाडी शर्टवाला. सगळ्यांचे डोळे मिटलेले, याचे उघडे. माझ्या शब्दांनी कोणाचे तरी डोळे उघडले म्हणायचे.
संकल्प: मोघम प्रार्थना बंद. माणसाचं नाव, गल्ली, दार, सगळं नीट सांगायचं. देवाला शोधत फिरायला का लावावं?

९ जून
आज विरोधकांवर प्रेम. समोरचा शिंपी दुकानात बसून नेत्यांची नक्कल करतो, गिऱ्हाइकं पोट धरून हसतात. नाव घेऊन त्याला सद्बुद्धी मागितली. नंतर राखाडी शर्टवाल्याने हात मिळवला. म्हणाला, तुमची प्रार्थना ऐकली जाते. अंगावर मूठभर मांस चढलं.

१२ जून
शिंप्याच्या दुकानाला कुलूप! नक्कल बंद. इतकं झटपट उत्तर! हिला सांगितलं, तर म्हणे, तुमची पॅंट अडकली ना आत. हिला अध्यात्मातलं काही सांगायची सोय नाही.

१६ जून
आज दवाखान्यातली नर्स. औषधं येत नाहीत म्हणून नेत्यांच्या नावाने बोटं मोडते. तिलाही प्रभूच्या हाती सोपवलं.

१८ जून, संध्याकाळ
नर्स गावाला गेली म्हणे. चपला दारातच आहेत. गडबडीत निघाली असेल.
पाळकसाहेब आमच्या चष्म्याच्या दुकानात आले. डोळे तपासले, नंबर जराही बदललेला नाही. मग हळूच म्हणाले, देवाला सगळ्यांची नावं ठाऊक आहेत, तुम्ही घेऊ नका. दुसऱ्याची प्रार्थना फळाला आली की पोटात दुखतं माणसाच्या.

२३ जून
धाकट्या भावाने काल आमच्या भिंतीवरचं नेत्यांचं पोस्टर फाडलं. रागावलो, तर म्हणाला, दादा, तुझं तोंड आवर, लोक घाबरतात तुला. मला? सख्खा भाऊ, राहवलं नाही. आज त्याच्यासाठी पोटतिडकीने मागितलं. वरच्या मजल्यावर राहतो, मागच्या जिन्याने ये-जा करतो, तेही सांगितलं. आमेन म्हणायला राखाडी शर्टवाला एकटाच. बाकी मंडळी सुस्तावलेली.

२४ जून, सकाळ
धाकट्याला पहाटे नेलं. मागच्याच जिन्याने. भावजय किंचाळत होती. मी तिला धीर दिला, म्हटलं, घाबरू नकोस, आपली ओळख आहे वर. तिने मुलीला आत घेतलं आणि दार लावून घेतलं.

२५ जून
राखाडी शर्टवाल्याचं ऑफिस शोधून काढलं. खुर्ची दिली, चहा दिला. धाकट्याला सोडा म्हटलं. म्हणाला, तो मित्रांची नावं सांगत नाही हो, फार हट्टी आहे. तुम्ही तर ओळखताच त्यांना, येत्या रविवारी त्या मित्रांसाठीही प्रार्थना करा, नेहमीसारखी, पत्त्यासकट. मग धाकट्याचं बघू. मोठा गोड माणूस. माझ्या हातातला चहा सांडला. पंखा फार जोरात होता.

२८ जून
हिने स्वयंपाकघरातून विचारलं, कोणाचं नाव घेणार? म्हटलं, कोणाचंच नाही. संकल्प: मनातल्या मनात करायची. देवाला ऐकू जाईल, त्या शर्टवाल्याला नाही. साधी युक्ती, आधी सुचली कशी नाही!

३० जून, रविवार
उभा राहिलो. डोळे मिटले. मनातल्या मनात सुरू केली. मागून राखाडी शर्टवाला म्हणाला, जरा मोठ्याने.
डोळे उघडले. मंडळीच्या माना खाली. आधी वाटलं, काय भक्ती आहे! मग लक्षात आलं, माझ्याशी नजरानजर नको होती कोणाला. भावजयीने मुलीला ओढून आपल्या मागे घेतलं. हिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. माझी बायको!
तो पुन्हा म्हणाला, मोठ्याने.
तोंड उघडलं, पण नाव फुटेना. धाकट्याचंसुद्धा नाही.