भाऊबीजेच्या गोळ्या

बडोदे, ता. ११ जानेवारी १९९९

चि. प्रतापसिंह यास जयवंतमामाचे आशीर्वाद.

परवा तू बोलता बोलता फोन आपटलास, म्हणून लिहितो. मी चौथीच शिकलो, तेव्हा चुका काढू नकोस, मजकूर वाच.

तुझी मिताली औषधांच्या कॉलेजात गेली याचे आम्हाला कौतुकच होते. लोक डॉक्टरच्या गोळ्या कशा घेतात याचे संशोधन आहे म्हणत आमच्या पोळात, या गल्लीत, घरोघर फिरली. मी तिला ओट्यावर बसवून चहा-गाठिया दिले. झोपेची गोळी घेता का, असे तिने विचारले. म्हटले, घेतो, बायको गेली तेव्हापासून. चिठ्ठी कुठल्या डॉक्टरची, तर म्हटले, डॉक्टर वारले, चिठ्ठी शाबूत आहे. आणखी कुणाला देता का म्हणाली. त्यात लपवायचे काय? तुझ्या आईलाही झोप नाही, म्हणून दर भाऊबीजेला ओवाळणीच्या ताटात पाकिटे ठेवतो, संपली की बसने पाठवतो, साडीपेक्षा तिला तीच गोड लागतात, हे मी हसत सांगितले. पोरीने पेन मिटले आणि चहा टाकून गेली.

आता आमचा मेडिकलवाला ताजी चिठ्ठी मागतो. कॉलेजवाले चौकशी करून गेले, काका, आता आमच्याकडून होणार नाही म्हणतो. शेजारचे श्रीपतराव माझ्याच चिठ्ठीवर गोळ्या आणायचे, ते मला घरभेद्या म्हणतात. उरलेल्या गोळ्या पुरवून घेतो, म्हणून मला झोप नाही, छाती धडधडते. आपले वाडवडील सरकारच्या पागेत घोड्यावर बसले, कुणाच्या चहाड्या केल्या नाहीत. पोरीला आवर.

इतके करशील तर लोभ आहे असे समजेन.

जयवंतराव

•

पादरा, ता. १६ जानेवारी १९९९

ती. मामासाहेब यांस सा. न. वि. वि.

पोरीला आवरणार नाही. तुमच्याकडून आली ती थेट घरी, आणि आईच्या पानाच्या डब्यातून तुमची पाकिटे काढून माझ्यासमोर ठेवली.

आई वर्षभर दिवसा पेंगत होती. आमटीत दोनदा मीठ घालायची, नातवंडांची नावे चुकायची. आम्ही वयाला बोल लावला. तिच्या हातून स्वयंपाक काढला, किल्ल्या काढल्या. माझी बायको तिला सगळ्यांदेखत वेडी म्हणाली आणि मी गप्प राहिलो. दिवाळीनंतर ती न्हाणीत पडली, डावे मनगट मोडले. ते तुम्हाला कळवले, तेव्हा तुम्ही काय केलेत? दुखण्याने झोप येत नसेल म्हणून आणखी दोन पाकिटे धाडलीत. बसचा लक्ष्मण कंडक्टर ती देऊन गेला, हे आता समजले.

डॉक्टर म्हणाले, गोळी एकदम तोडायची नाही, हळूहळू कमी करायची. मिताली शनिवार-रविवार येऊन तुकडे करून ठेवते. आई तिला शिव्या देते. देऊ दे.

तुम्ही काही पाठवू नका आणि तूर्त येऊही नका. नमस्कार केला आहे, तेवढा पोचता समजावा.

प्रतापसिंह

•

पादरा, ता. २ फेब्रुवारी

ती. दादांस चिमणीचा नमस्कार.

हे लोक दुकानावर गेलेत तोवर लिहिते. उजवा हात धड आहे. माझे हाल कुत्रा खाणार नाही. ती चिमुरडी गोळीचे तुकडे करून कोंबडीला दाणे घालावे तशी मला घालते. अंगाला मुंग्या येतात, रडू येते. सुनेने काल किल्ल्या परत दिल्या. मी म्हटले, किल्ल्या घाल चुलीत, मला झोप दे.

आई गेल्यावर तुम्ही मला अंगाखांद्यावर वाढवलेत. माझे दुःख तुम्हाला कळते, ह्यांना नाही. लक्ष्मणच्या हाती एक पाकीट धाडा, मेथीच्या जुडीत घालून. प्रतापला कळणार नाही.

आणि धाडायचे नसेल तर तसे लिहा. मग मला भाऊ नाही. तुमच्या मयतीलाही मी येणार नाही. लोभ तुमच्या हाती आहे.

चिमणाबाई

•

बडोदे, ता. २३ फेब्रुवारी १९९९

चि. चिमणीस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आले त्याच दिवशी बाजव्याला गेलो. तिथे मला कुणी ओळखत नाही. तिथला दुकानदार म्हणाला, चिठ्ठी आणा, डोसा. वर मला म्हातारा म्हटले, म्हणून राग आला. तडक सरकारी दवाखान्यात गेलो, डॉक्टरशी भांडून चिठ्ठी घ्यायची म्हणून. तुझे नाव सांगितले नाही, माझ्यासाठीच मागितली.

डॉक्टरपोरगा निम्म्या वयाचा. भांडू दिले मला. मग म्हणाला, काका, पाय जोडून उभे राहा, डोळे मिटा. मिटले. एवढ्यात टेबल माझ्या हातात आले. मी पडत होतो आणि मला ते कळलेही नव्हते. गोळीनेच तोल जातो, म्हणाला. कंपाउंडर हसला. मला मात्र न्हाणीतली तू दिसलीस.

चिमणे, पाकीट पाठवणार नाही. डॉक्टरने चिठ्ठी दिली ती गोळी कमी करत नेण्याची, म्हणून माझ्याही गोळीचे आता तुकडे होतात. दवाखान्यातून कळले म्हणून तुझी नात दर बुधवारी कॉलेजातून येताना दारात ठेवून जाते. मी तिच्याशी बोलत नाही. तीही बोलत नाही. तिने पोळात माझे नाक कापले, ते मी विसरणार नाही. पण तुकडे बरोबर करते.

छाती धडधडते, पहाटेपर्यंत कूस बदलतो, म्हणून तुझे काय होते ते मला ठाऊक आहे. लक्ष्मणला मी सांगून ठेवले आहे की माझ्या नावाने कुणी काही दिले तरी पादऱ्याला न्यायचे नाही, श्रीपतरावांनी दिले तरी नाही. तेव्हा तो मार्ग धरू नकोस.

मयतीला येऊ नकोस, चालेल. भाऊ नाही म्हणतेस, तेही चालेल. शिव्या घाल, त्या भरपूर घाल, पण किल्ल्या कमरेला लाव आणि भिंतीला धरून चाल.

लोभाचे तू बघ.

जयवंतराव