खोगिराची डावी गादी

प्रिय ठकूबाई,

तुझं पत्र पोचलं. इथे सगळं नेहमीसारखं. तुझे बाबा अजून सकाळी रिंगणातली वाळू सारखी करतात, घोडं फिरवतात आणि वाकून खुरांचे ठसे वाचतात. मागचा पाय पुढच्याच्या वाटेवर पडला तर घोडं सरळ, नाहीतर स्वार वाकडा. हे तुला मी काय सांगायचं?

तू तेराची असताना तांबडी घोडी डावीकडे सरकायला लागली. उजवी फेरी, डावी फेरी, आठचा आकडा, गाजर दाखवून मान दोन्हीकडे वळवणं, सगळं झालं. मग त्यांनी पाय ठेवायच्या रिकिबी काढून घेतल्या आणि तुझ्या कोपरांत पाठीमागून काठी अडकवून बांधली. तू कललीस की चाबकाची मूठ डाव्या गुडघ्यावर. "घोडी खोटं बोलत नाही. वाकडी तू आहेस." मी गुडघ्याला तेल चोळायचे आणि देवाचं नाव घे म्हणायचे. शेवटी घोडीची पाठच गेली. डॉक्टरने तिला कायमचं झोपवायची सुई टोचली तेव्हा तिचा दोर त्यांनी मुद्दाम तुझ्या हातात दिला होता.

त्याच वर्षी, घोडी सरकायला लागण्याआधी, उंदरांनी खोगिराची डावी गादी कुरतडली होती. कारागिराकडे टाक, असं बाबांनी मला सांगितलं होतं. घरात तुझी निळ्या फुलांची जुनी दुलई पडलेली असताना बाहेर कशाला, म्हणून तीच कापून मी आत कोंबली आणि कारागिराकडून आणलं म्हणून सांगितलं. खोगीरभरती म्हणतात ती खरीखुरी केली. उजवीकडची लोकर फुगलेली राहिली, डावीकडचा कापूस दबला. घोडी सरकायला लागून महिना झाला होता, तेव्हा खोगीर पुसताना डाव्या गादीतून माझं बोट थेट आतल्या लाकडाला लागलं आणि सगळं कळलं. उसवून भरायचं तर एका दुपारचं काम. पण दुसऱ्या दिवशी घोडी सरळ चालली असती आणि त्यांनी विचारलं असतं, काल काय बदललं? मग तुझी काठी माझ्याकडे आली असती. मी रोज देवापुढे बसले, सुई घेऊन बसले नाही.

ते खोगीर तू लेकीसाठी नेलंस तेव्हाही माझं तोंड उघडलं नाही. आता तू लिहितेस, पोर डावीकडे कलते, आपल्या रक्तातच वाकडेपणा आहे, म्हणून तूही तिला काठी बांधलीस. ती सोड. डावी गादी उसव, तुझी निळी फुलं निघतील. बाबांना मात्र कळवू नकोस. तू सुटलीस, मला इथेच राहायचंय.

तुझीच,
आई