दोन थापा

कुवेत, ऑगस्ट १९५९

प्रिय मुनव्वर,

सलाम. अक्षर बघून दचकला असशील. माझंच आहे. डाव्या हाताने लिहितोय, तीन दिवस लागले, आणि प्रत्येक ओळीला तुझा राग येतोय.

साहेबाने गॅरेजच्या रद्दीत टाकलेलं मोटारशर्यतींचं ते जुनं पुस्तक आठवतं? तू अडखळत वाचायचास, मी चित्रं बघायचो. देशादेशांच्या त्या पहिल्या चषकासाठी गाडीत दोघं बसलेच पाहिजेत असा नियम होता, चालवणारा आणि शेजारी मेकॅनिक. तेल बघायचं, मागे बघायचं, टायर बदलायचा, सगळं मेकॅनिकने. नाव मात्र चालवणाऱ्याचं. १९०३ ची पॅरिस-माद्रिद शर्यत तर इतक्या माणसांचे जीव घेऊन बसली, की बोर्दोलाच थांबवावी लागली. तेव्हा आपण दोघांनी कानाला हात लावले होते. पण शर्यतीचं खूळ काही गेलं नाही. इंजिनाच्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही म्हणून आपण खूण ठरवली. चालवणाऱ्याच्या गुडघ्यावर एक थाप, मागून गाडी येतेय. दोन थापा, थांब.

जहराच्या शर्यतीत वाळूत टायर गेला तेव्हा मी दोन थापा मारल्या. तू माझ्याकडे बघितलंस आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबलास. पुढे फक्त एकच गाडी उरली होती ना! गाडी उलटली आणि माझा उजवा हात खाली सापडला. कोपरापासून काढला त्यांनी.

ईदनंतरचे सहा रोजे मी तेव्हा धरले होते, हे तुला ठाऊक होतं. तेच धरून तू गॅरेजभर सांगितलंस, की अशरफ उपाशी होता, त्याला ग्लानी आली, थाप आलीच नाही. मी गप्प बसलो. तुझी नोकरी जाईल, म्हणून! माझ्याएवढा मूर्ख शोधून सापडणार नाही. तू रजा काढून गावी हर्णैला निघून गेलास, हॉस्पिटलात एकदा डोकावलासुद्धा नाहीस.

गप्पच राहिलो असतो. पण शनिवारी माझ्या धाकट्या भावाचं, यूसुफचं पत्र आलं. मुनव्वरभाई मला कुवेतला नेतायत, शर्यतीत शेजारी बसवणार आहेत, म्हणून पोरगा नाचतोय. मुनव्वर, त्याच्यासमोर बस आणि सांग, थापा आल्या होत्या की नव्हत्या. मग ये म्हणावं त्याला यायचं तर. तू नाही सांगितलंस तर मी त्याला लिहीन. थापा मारल्या तो हात हाच आहे, शाबूत आहे.

तुझाच,
अशरफ