बिनमाणसाचा रस्ता

१२ ऑक्टोबर, रविवार

माणूस न्हाई. कुत्रं न्हाई. शेळी न्हाई. असला कुठं रस्ता असतो का!

अपेक्षानं आज फोन सायकलच्या हँडलला बांधला अन् म्हणाली, "आजी, बस मागं. तुला फ्रान्स दाखवते." बसले. म्हणजे इथंच, ओसरीत बाजेवर, शेंगा फोडत. नात तिकडं पायडल मारायली, मी इकडं शेंगा फोडायली. पाऊण तास बघितलं. काय दिसलं? डांबर. दोन्ही बाजूनं झाडं, सगळी एका उंचीची, पोलीस भरतीला उभी केल्यासारखी. शेतं एवढी मोठी, पण त्यात कुणी वाकलेलं दिसेना. मग एक गाव आलं. दगडाची घरं, खिडक्यांना लाकडाच्या फळ्या, फळ्याबी बंद. दारात एक म्हातारी सुदिक बसलेली न्हाई. मी म्हणलं, "अगं, दिवाळीच्या आधीच सगळं गाव ऊसतोडीला गेलं का?"

एवढी हसली की सायकल उभी करावी लागली. म्हणाली, "आजी, इथं ऊस नसतो. लोक आत जेवायलेत." भर दुपारी सगळं गाव एकदम जेवतंय, अन् तेबी दार लावून! दार लावून जेवणाऱ्याला आमच्याकडं काय म्हणतात ते वहीत लिहीत न्हाई.

वही तिनंच दिलेली, जाताना. "तू बोलतीस तसंच लिही, तुझी चौथीची अक्षरं पुरतील." पुरायलीत.

परभणीला शेतीचं शिकली, आता तेच शिकायला तिकडं. शेवटचे सहा महिने एका गाईवाल्याच्या शेतावर काम हाय म्हणं. तिथं बस येत न्हाई म्हणून जुनी सायकल घेतली. आमच्या घरात चार पिढ्या शेती करायलेत, कुणाला शिकवावी लागली न्हाई. पण पोरगी दिसायली छान. गालाला रंग आलाय. भाकरी कुठली मिळती कुणास ठाऊक.

१९ ऑक्टोबर, रविवार

आज गाई दाखवल्या. पांढऱ्या, एकेक हत्तीएवढी. दावं न्हाई, राखणारा न्हाई. सायकल थांबवली तर सगळ्या तारेपाशी येऊन टकामका बघायल्या. बरोबर हाय. बिचाऱ्यांना चार दिवसांत माणूस दिसलं नसंल.

२६ ऑक्टोबर, रविवार

दिवाळी झाली. करंज्या तिच्याशिवाय खाल्ल्या, गोड लागल्या, खोटं कशाला लिहू.

आज ती पावाच्या दुकानावर गेली. सात किलोमीटर! पावासाठी! पाव असा हातभर लांब, लाटण्यासारखा कडक. तिच्या पुढचा बाप्या तो काखेत मारून चालला. काखेत! ना कागद ना पिशवी. मी म्हणलं, "त्याला सांग, फडकं घेत जा." ती म्हणाली, "आजी, इथं असंच असतं." जे धड नसतं ते सगळं तिथं असंच असतं.

मग झाडाला सायकल टेकवली अन् हळूच म्हणाली की जानेवारीत तिचं शिक्षण संपतंय, पण तिथल्या मोठ्या मास्तरनं अजून तीन वर्षं ऱ्हायला विचारलंय. जमिनीवर काही संशोधन. एकतीस डिसेंबरच्या आत हो का न्हाई ते कळवायचं.

बजरंग शेजारी होता. लेक माझा, अपेक्षाचा बाप. शांत हाय, पण रंग उतरला. "तीन वर्षं? मग पाथरीच्या पाहुण्यांना काय सांगू? पोरगं बँकेत हाय, मे महिन्यापर्यंत थांबतो म्हणालाय." फोनमधनं नुसतं वारं ऐकू यायलं. मग बजरंग म्हणाला, "आजीला विचार. आजी म्हणंल तसं." ती म्हणाली, "चालतंय. आजी म्हणंल तसं."

लबाड हाय बजरंग. त्याला माहीत हाय, माझं वय अडुसष्ट, अन् नात परत यावी म्हणून मी देव पाण्यात घालून बसलेय.

३ नोव्हेंबर, सोमवार

गल्ली रिकामी झाली. काल अन् आज मिळून तीन ट्रक भरून लोक ऊसतोडीला गेले. भांडी, पोरं, कोंबड्या, सगळं घेऊन. ऱ्हायलो आमी म्हातारे.

कुसुमबाई आली होती. समोरच राहती, तीस वर्षं अंगणवाडी चालवली, त्यामुळं सगळ्यांना अजून पोरंच समजती. तिला सांगायले की फ्रान्सचा रस्ता कसा भकास, माणूस म्हणून न्हाई. तिनं चष्मा पुसला अन् म्हणाली, "कडूबाई, जरा दाराबाहेर बघा. तुमच्या गल्लीत कोण नाचायलंय?"

चहा न देताच पाठवणार होते. दिला. अर्धा कप.

९ नोव्हेंबर, रविवार

पाऊस तिकडं. तरी गेली सायकलवर! डोक्यावर टोपीचं पोतं. यडी.

१६ नोव्हेंबर, रविवार

आमच्या रस्त्यावर आता ट्रॅक्टर सुरू झाले. एकाला दोन-दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूनं लोंबतेला, मागं दिवा न्हाई, अन् गाणी एवढी मोठ्यानं की घरातली ताटं हालायलीत. सोनपेठची एसटी त्यांच्या मागं अर्धा तास रखडती.

अपेक्षाला सांगितलं, बघ, याला म्हणतात रस्ता. जिता! ती भलतंच काही बोलायला लागली. मलाबी मग आठवलं, कशाला बोलले.

नववीत होती. शाळा सोनपेठला, सहा किलोमीटर, शाळेतनंच सायकल मिळालेली, निळी. ट्रॉलीचा ऊस लागला अन् पोरगी खाली, रस्त्याकडंच्या चारीत. हात दोन ठिकाणी मोडला. ट्रॅक्टर थांबलाबी न्हाई, त्याला गाण्यात कळलंच न्हाई. बजरंगनं सायकल गोठ्याच्या आढ्याला उलटी टांगली. म्हणाला, शाळा बास. मी तीन दिवस जेवले न्हाई. चौथ्या दिवशी तो तिला परभणीला होस्टेलात सोडून आला.

पडायच्या आधीबी ती सायकलवर सरळ कधी बघत नव्हती. चार पायडल, की मागं. चार पायडल, की मागं. मी पारावरनं बघायचे, वाटायचं पोरीला मानेचा आजार हाय.

सायकल अजून तिथंच हाय. चिमण्यांनी घर केलंय सीटखाली.

२३ नोव्हेंबर, रविवार

आज मी मोजून सांगितलं. तिथं काय काय न्हाई ते. हुरडा न्हाई. हाका न्हाईत. कुणी "कुठं चालली गं?" म्हणून विचारत न्हाई. मेलं तर दोन दिवस कळायचं न्हाई. म्हणून म्हणते, ये परत.

ती म्हणाली, "आजी, हे तुझं शेवटचं सांगणं हाय का?"

मी म्हणलं, अजून महिना हाय की. शेवटचं कशाला आज सांगू.

७ डिसेंबर, रविवार

येळअमावस्या जवळ आली. माझं माहेर लातूरकडचं, तिथं दिवाळीपेक्षा हाच सण मोठा. शेतात कडब्याचं खोपटं, म्हणजे कोप, करायची, ताकातली आंबील, पालेभाजी-दाण्यांची भज्जी, बाजरीचे उंडे न्यायचे, अन् रस्त्यानं जाणाराला हाक मारून जेवू घालायचं. कुणी का असेना. वाटसरू जेवल्याशिवाय घरच्यानं ताटाला हात लावायचा न्हाई, माझ्या मायनं हे एकदाबी मोडलं न्हाई.

अपेक्षाला म्हणलं, यंदा तूबी कर. बघू तुझ्या त्या रस्त्यावर कोण येतंय जेवायला. ती म्हणाली, "करते." मला मनात लय आनंद झाला. मला माहीत होतं कोण येणार ते. कुणी न्हाई. बस म्हणावं उपाशी, मग कळंल.

१९ डिसेंबर, शुक्रवार. येळअमावस्या

आज सगळं लिहायचंय. हात दुखला तरी.

आमी सकाळीच शेतात. सून, बजरंग, मी. कोप बांधली, पूजा झाली, भज्जीचा वास रस्त्यापर्यंत. मी बांधावर उभी राहून हाका मारायला लागले. ट्रॅक्टर आला, हाक मारली. गाणं. दुसरा आला. गाणं. तिसऱ्याला तर मी पदर हालवून दाखवला, त्यानं हॉर्न वाजवला अन् गेला. दोन मोटारसायकली, एक जीप. धुरळा खाल्ला नुसता. दोन तास! एवढा भरलेला रस्ता, अन् एक थांबंना.

शेवटी कुसुमबाई आली. मी म्हणलं, "बस, तू जेव आधी." ती म्हणाली, "मी वाटसरू हाय का?" म्हणलं, "न्हाई, फुकटी हायस. बस." दोन उंडे खाल्ले अन् म्हणाली मीठ कमी हाय.

मग दिस कलल्यावर अपेक्षाचा फोन. तिच्याकडं दुपार. थंडी अशी की तोंडातनं वाफ. रस्त्याच्या कडंला ओढणी हातरून बसलेली, पुढं डबा, थर्मासमध्ये आंबील. ज्वारीचं पीठ इथनंच धाडलं होतं. अर्धा तास झाला, पाऊण झाला. मी म्हणलं, "काय गं, आलं का कुणी?" मलाच माझा आवाज बरा वाटला न्हाई. पोरगी उपाशी, मीच बसवलेली.

तेवढ्यात घंटी वाजली, टिंग. एक म्हातारी आली सायकलवर. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी तरी मोठी! पोटऱ्या उघड्या, केस पोरासारखे कापलेले, पुढं टोपलीत कांद्याची पात. मी हाक मारायला सांगणार, तर ती आपणहून थांबली. काही विचारलं. अपेक्षा म्हणाली, "आजी, ती विचारायलीय हवा गेली का? पंप हाय म्हणं तिच्याकडं." त्या रस्त्यावर कुणी कडंला बसलेलं दिसलं की थांबायचंच असतं म्हणं, मागनं दुसरं कुणी येईल याचा भरवसा नसतो.

आंबील प्याली. तोंड असं केलं जणू कडुलिंब दिला. मी म्हणलं, बघा, ह्यांना काय कळतंय. तर तिनं गिलास परत पुढं केला. मग भज्जी खाल्ली, बोटं चाटून. मला फोनमधून हात हालवला. मीबी हालवला. काय करणार.

मग अपेक्षा निघाली. अन् आज कॅमेरा फिरवायचा विसरली. रोज मला रस्ता दिसायचा, आज तिचं तोंड दिसलं. मी सांगितलं न्हाई. बोललेच न्हाई. तिला वाटलं मी कामाला लागले. तासभर बघत बसले, कोपीत.

गाणं म्हणायली होती. हात सोडून सायकल चालवायली होती, मोडला होता तो हातबी. ढगांकडं बघायली. एकदा डोळे मिटले की काय, असं वाटलं.

तासाभरात तिनं एकदाबी मागं वळून बघितलं न्हाई.

२१ डिसेंबर, रविवार

अपेक्षा गाडीनं शहरात गेली होती, आज सायकल न्हाई. बरं झालं. मला काही सुचलं नसतं.

बजरंग म्हणाला, "माय, सांगून टाक की तिला. पाथरीवाले विचारायलेत." म्हणलं, सांगते. म्हणाला, "काय सांगणार हायस?" म्हणलं, जे सांगायचं ते.

२४ डिसेंबर, बुधवार

गोठ्यात गेले. सायकलीखाली उभी राहिले. चिमणी ओरडली माझ्यावर.

२८ डिसेंबर, रविवार

फोन आला. हँडलला बांधलेला. तोच रस्ता, तीच झाडं, कुणी न्हाई. बजरंग माझ्या शेजारी बाजेवर. ती म्हणाली, "आजी, आज सांगावं लागंल." मी म्हणलं, रस्ता चांगला हाय, बाई. ऱ्हा तिथं. बजरंग उठून बाहेर गेला. तिनं सायकल थांबवली. मी म्हणलं, थांबलीस कशाला? मार पायडल. मी बसलेय मागं.