टेकडीवरची बारीक अक्षरं

अण्णा,

एका रंगाऱ्याविरुद्ध तक्रार घेऊन तुमच्या न्यायासनापुढे उभा आहे. म्हसरूळच्या अंगाची आपली टेकडी आता राखीव झाली. भोवती तारेचं कुंपण, फाटकावर रखवालदार, वर जायला आखीव पायवाट, आणि झाडाझाडाला नावाची पत्र्याची पाटी. पण अक्षरं अशी बारीक, की मुंग्यांच्या सोयीसाठी काढली असावीत. रविवारी तुमच्या नातीला घेऊन गेलो होतो. तुम्ही गेल्यावर वर्षानं झाली ती. आता आठवीत आहे आणि बापाची परीक्षा घेते. "बाबा, हे कुठलं झाड?" मी गंभीरपणे म्हणालो, "महापर्णक." "असं झाडच नसतं!" "संस्कृतात असतं." रखवालदार हसला. त्याला मोराचं विचारलं, तर म्हणाला, "हाय ना साहेब, पण लय लाजाळू. सकाळी सातच्या आत या."

मोराचं नाव निघालं आणि मी फाटकाशीच थांबलो. त्र्याहत्तर सालचा गणपती. काचबिंदूनं तुमची नजर गेली त्यानंतरचा पहिलाच. एरवी पूजेची पत्री आणायला तुम्ही मला वर न्यायचात, एकेक पान चुरगळून नाकाशी धरायला लावायचात. त्या वर्षी एकट्याला पाठवलंत. दुष्काळ सरून पाऊस झालेला, वाटेत चिखल. नव्या नोकरीतल्या माणसाच्या पँटला तो शोभला नसता. मी पायथ्याच्या हॉटेलात भजी खाल्ली, सडकेच्या कडेला हाताला लागलं ते ओरबाडलं आणि परतलो. तुम्ही पलंगावर ताठ बसून वाट पाहताय. पत्रीचं विचारतच नाही. "काय दिसलं रे वर?" मी सांगतो, मोर दिसला, पिसारा फुलवलेला. "लांडोर होती का जवळ?" "दोन होत्या," मी म्हणतो. खोट्यात कंजुषी कशाला?

दुसऱ्या दिवशी पूजेत "अर्जुनपत्रं समर्पयामि" म्हणत तुम्ही पान उचललंत आणि तुमची बोटं थांबली. घाणेरीचं पान होतं ते; त्याच्या वासाला डोळे लागत नाहीत. तरी ते तसंच वाहिलंत. आरती झाल्यावर एवढंच म्हणालात, "यंदा टेकडीवर बरीच नवी झाडं आलेली दिसतात." आई माझ्याकडे पाहत राहिली. मला वाटलं, निभावलं. पुढची दोन वर्षं, तुम्ही होतात तोवर, मी पायथ्याहूनच परतत राहिलो, आणि तुम्ही दर वेळी मोराची खुशाली विचारत राहिलात. यंदा तरी हा वर जाऊन येईल, म्हणून विचारत होतात, हे मला रविवारी त्या फाटकाशी कळलं. तुम्ही गेल्यावर चौदा-पंधरा वर्षं लागली. तुमच्या हाताखालचा विद्यार्थी, दुसरं काय!

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, तेव्हा तक्रार मागे घेतो. अक्षरं बारीक नाहीत, अण्णा. पोरीनं ती दहा पावलांवरून घडाघडा वाचली. मला कडेकडेनं अंधारतं. गेल्या महिन्यात डॉक्टरांनी तुमच्याच आजाराचं नाव घेतलं. घरी अजून बोललेलो नाही. पोर खोटं बोलणारी नाही, पण माझी आहे. उद्या ती येऊन सांगेल, बाबा, मोर दिसला, आणि ती वर गेलीच नव्हती हे मला कळेल. त्याची भीती वाटते.