डोळ्यांची आखणी

बाबा, तुमच्यावर आज भयंकर चिडले आहे. मेलेल्या माणसावर चिडू नये म्हणतात, आणि तुम्हाला जाऊन तर किती वर्षं झाली, पण मग चिडायचं कुणावर? हे गेल्याला वर्ष होत आलं. सकाळी रिक्षा घेऊन मालवणच्या बंदरावर गेले आणि दुपारी नुसती रिक्षाच घरी आली, स्टँडवरचा दुसराच कुणी चालवत. हार्टअटॅक. तेव्हापासून मी धड रडलेलीही नाही. शाळेतल्या एक बाई म्हणाल्या, "तुम्ही चित्रकला शिकवता ना, मग रोज आरशात बघून स्वतःचं चित्र काढा. दुःख कागदावर उतरतं, मन हलकं होतं." डोंबलाचं हलकं! रोज शाळेतून आले की आरसा खिडकीला टेकवून बसते. कपाळ जमतं, नाक जमतं, ओठांच्या कडेची घडीसुद्धा जमते. डोळे काढायला घेतले की हात आपसूक वळतो आणि कागदावर उतरतात ते तुमच्या गणपतीचे डोळे. लांबट, शांत, समोरच्यावर कृपा करणारे. मला कुणावर कृपा करायची नाहीये हो, बाबा. मला माझं तोंड हवंय.

तुमची ती मूर्ती घडवायची गणपतीची शाळा! श्रावण लागला की घराघरांतले पाट येऊन भिंतीशी उभे राहायचे, ज्याचा गणपती त्याच्याच पाटावर बसायचा. डोळ्यांची आखणी तुम्ही सगळ्यात शेवटी करायचात. तुम्ही श्वास रोखून धरायचात आणि आम्ही कुणी खोकायचोसुद्धा नाही. आई गेली त्या वर्षी सुतक फिटल्याबरोबर तुम्ही शाळेत जाऊन बसलात आणि एका लहान मूर्तीचे डोळे पहिल्यांदा मला करायला दिलेत. माझ्या हातून खालची पापणी भरून आल्यासारखी झाली. तुम्ही बघितलंत आणि ओला फडका पुढे केलात. "देव रडता काय गो? पूस ता. लोकांच्या घराक जातलो तो. तेंका आपली रडां कमी आसत?" मी पुसलं. त्या वर्षी जो तो म्हणत होता, असे डोळे कधी झाले नव्हते. मला तेव्हा तुमचा केवढा अभिमान वाटला होता! आता वाटतं, विचारायला हवं होतं, तुमचं रडणं तुम्ही ठेवलंत कुठे? रंग कालवण्यापासून सगळं शिकवलंत, तेवढं सोडून.

परवा सासूबाईंनी माझं चित्र हातात घेतलं. जरा लांब धरून बघितलं. "ह्यां तुजां तोंड न्हय गो. हेका दुर्वा व्हायल्यो तरी चलतीत." माझं डोकंच फिरलं. कागद टराटरा फाडला आणि म्हटलं, "मग तुम्हीच बसा समोर!" बाई खरंच बसली. पदर सारखा केला, गुडघ्यावर हात ठेवले. "काढ. दात नाय आसत, ते दाखव नको." मी तोऱ्यातच म्हटलं, हलू नका. आणि मग वर बघावंच लागलं. बाबा, डोळे पहिल्याच फटक्यात आले. सुजलेल्या पापण्या, डावा डोळा जरा बारीक, कडेला साचलेलं पाणी. देवाचा मागमूस नाही. तिथे मला जे रडू फुटलं ते पेन्सिल हातातून पडेपर्यंत आवरेना. त्यांच्याही गालांवरून पाणी वाहत होतं, पण मी हलू नका म्हटलं होतं ना, म्हणून त्या पुसत नव्हत्या. तशाच बसून म्हणाल्या, "रड गो, रड. चित्र मागसून कर."

माझे स्वतःचे डोळे अजून जमलेले नाहीत. कालही देवच आला, कालही फाडला. शिकवणी तुमची, दुसरं काय होणार! हे लिहिलेलं मी कुठे धाडणार, चुलीतच जाईल. पण एक गोष्ट आहे, ती सासूबाईंना कधी सांगायची नाही, म्हणून तुम्हाला सांगते. वर्षभर मी आरशापुढे बसले ती काही दुःख उतरवायला नव्हे. ह्यांचे डोळे थेट त्यांच्या आईचे होते. तेवढे दिसू नयेत म्हणून दुसरीकडे बघत होते. वर्षभर मी त्यांना वाढलं, तेही ताटाकडे बघूनच.