ऑर्डर फक्त माझ्यापुरती

३ एप्रिल, ॲन आर्बर
युनिव्हर्सिटीचा मेल. सरकारने माझं इथे राहायचं स्टुडंट स्टेटस रद्द केलंय. कारण म्हणे 'रेकॉर्ड तपासणी'. म्हणजे गाडीनं सिग्नल तोडल्याची ती जुनी भानगड, जी कोर्टानं तेव्हाच डिसमिस केली! पीएचडीचं शेवटचं वर्ष. माझे गाइड सर म्हणाले, लॅबमध्ये येऊ नकोस. माझ्याकडे बघतही नव्हते बिचारे.

५ एप्रिल
शिकागोजवळच्या शॉमबर्गहून कुलकर्णी काकांचा फोन. बाबांचे मित्र, रिटायर्ड डॉक्टर. "वैदेही, गुपचूप नागपूरला जा. सरकारशी भांडून नाव खराब होईल."
"ते त्यांनी आधीच केलंय, काका. मला न विचारता."
यावर काका, "जेवलीस का?"

९ एप्रिल
वकीलबाई म्हणाल्या, डेट्रॉइटला फेडरल कोर्टात जाऊ. नाव झाकूनही दावा लावता येतो.
नको. मी काय चोरी केलीय?
रूममेट प्राजक्तालाही तोच मेल आला. दिवसभर रडतेय.

१६ एप्रिल
सुनावणी. जजनी सरकारी वकिलाला विचारलं, "या बाई आज इथे कायदेशीर आहेत की नाहीत?"
"आत्ता सांगता येणार नाही."
"मग त्यांनी उद्या उठून काय करायचं?"
वकील म्हणाला, सरकारचे असे निर्णय खालच्या कोर्टानं अडवू नयेत. जज शांतपणे, "वरच्या कोर्टात कागद जातात. माणूस आधी इथे येतो."


१८ एप्रिल
स्टे मिळाला!! स्टेटस परत.
प्राजक्ता मिठी मारून, "म्हणजे माझंही झालं ना?"
वकीलबाईंना विचारलं. नाही. ऑर्डर फक्त माझ्यापुरती. तिला वेगळा दावा लावावा लागेल. मेल शब्दन् शब्द तोच, आणि भांडायचं एकेकटीनं? हा कुठला न्याय! डोकं फिरलं.
प्राजक्ता: "यार, माझ्यात नाही तुझ्याएवढा दम."

२२ एप्रिल
सरकार अपिलात गेलं. काका: "वर टिकेल का गं?" माहीत नाही. तोवर लॅबमध्ये जाणार, रोज.
घरी आले तर प्राजक्ताच्या बॅगा भरलेल्या. म्हटलं, तिकीट नंतर काढ, आधी वकीलबाईंकडे चल. गाडीत बसवलं तिला.
आता त्यांच्या ऑफिससमोर. ती सीटबेल्टसुद्धा काढत नाहीये. मी बाहेर, तिच्या बाजूचं दार धरून. एका हातानं फोनवर हे लिहितेय.
"थंडी आत येतेय गं. लाव ना दार."
नाही लावणार.